शस्त्रक्रियेनें वजन उतरल्यावर आखाड्यांत



पहिलवान म्हटला म्हणजे जाड मान आणि चुरगळलेले कान आपल्या डोळ्यांपुढें येतात. तो पहिलवान पंचेचाळिशी उलटलेला असेल, तर त्या चित्रांत सुटलेल्या पोटाची भर पडते. मान आणि कान तालमीनें दिलेले असतात. पोट मात्र तालीम सुटल्यानें आलेलें असतें. मेहनत थांबते, खुराक थांबत नाहीं. सकाळचें लिटरभर दूध, बदामांची थंडाई, भाकरीवरचें तूप यांची संवय जिभेला आणि घराला इतकी जडलेली असते, कीं घाम गळणें बंद झालें हें कोणाच्या लक्षांतही येत नाहीं. मग मधुमेह येतो, रक्तदाब येतो, गुडघे बोलूं लागतात. आणि ज्यानें ऐन उमेदींत जत्रेचीं मैदानें मारलीं, त्याला जिना चढतांना दम लागतो.

याच्या अगदीं उलट असा दुसरा एक गृहस्थ असतो. त्यानें जन्मांत लंगोट कसलेला नसतो. लठ्ठ म्हणून शाळेंत चेष्टा सोसलेली, मैदानाच्या कडेला उभें राहून दुसऱ्यांचे खेळ पाहिलेले. शस्त्रक्रियेनें तीस-चाळीस किलो वजन उतरल्यावर त्याला प्रथमच वाटतें, कीं आतां आपणही मातींत उतरावें, निदान ज्यूदोच्या गादीवर दोन हात करावेत. पहिल्याला जुना आखाडा परत हवा असतो, दुसऱ्याला नवा. दोघांचा प्रश्न मात्र एकच आहे: जठर कापून लहान केल्यावर कुस्ती खेळतां येते काय? आजचें भाषण या दोघांसाठीं आणि त्यांना वाढून देणाऱ्या घरच्या माणसांसाठीं आहे.

ही शस्त्रक्रिया आतां नवलाची राहिलेली नाहीं. अमेरिकेंत आयोवा येथें डॉ. एडवर्ड मेसन यांनीं १९६६ सालीं स्थूलतेवर जठराला वळसा देण्याची शस्त्रक्रिया केली, तेथून या शास्त्राची आजची वाट सुरू होते. महाराष्ट्रांत २०११ सालीं नितीन गडकरी यांनीं मुंबईंत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हां तिची चर्चा वर्तमानपत्रांतून पुष्कळ झाली. मल्लांपैकीं उदाहरण हवें असेल, तर जपानच्या सुमो आखाड्यांत गाजलेल्या कोनिशिकीचें देतां येईल. हवाई बेटांवरून आलेला हा मल्ल एके काळीं पावणेतीनशें किलोंच्याही वर होता. तो १९९७ सालीं निवृत्त झाला आणि २००८ सालीं त्यानें ही शस्त्रक्रिया करून घेतली. ती पुन्हा आखाड्यांत उतरण्यासाठीं नव्हती, प्रकृतीसाठीं होती. आपल्या प्रश्नाचें उत्तर म्हणून त्याच्याकडे बोट दाखवितां येणार नाहीं.

उत्तर मी आधींच सांगून टाकतों. कुस्ती खेळतां येते. परंतु लगेच नाहीं, पूर्वींच्या रीतीनें नाहीं, आणि पूर्वींच्या खुराकावर तर मुळींच नाहीं. लोकांना भय वाटतें तें टांके उसवण्याचें. खरा धोका निराळ्याच ठिकाणीं असतो. तो ताटांत असतो, उन्हाळ्याच्या तहानेंत असतो, आणि कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानांत असतो.

सेलूसारख्या गांवीं या गोष्टी समजून घेणें विशेष अगत्याचें आहे. शस्त्रक्रिया बहुधा छत्रपती संभाजीनगर, पुणें किंवा मुंबई येथें होते. माणूस थोड्याच दिवसांत मनमाड–परभणी मार्गावरच्या आगगाडीनें घरीं परततो. पुढचीं दोन वर्षें खरीं कसोटीचीं. पण त्या काळांत त्याच्या शेजारीं तो शल्यवैद्यही नसतो आणि आहारतज्ज्ञही नसतो. शेजारीं असतो वस्ताद, असतो गांवचा डॉक्टर, आणि असतात घरचीं माणसें. नेमकें काय कापलें आणि काय जोडलें हें या तिघांना ठाऊक नसेल, तर मुंबईंतील उत्तम शस्त्रक्रियाही सेलूंत फसूं शकते.

आज प्रचारांत मुख्यतः दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारांत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांशांहून अधिक भाग कापून काढतात आणि उरलेल्या भागाची सदऱ्याच्या बाहीसारखी अरुंद नळी ठेवतात. तींत शंभर ते दीडशें मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एखाद्या पेल्याइतकेंच मावतें. कापलेल्या भागांतच भूक चेतविणारा ‘घ्रेलिन’ नांवाचा स्राव बहुतांशीं तयार होत असल्यामुळें भूकही मंदावते. हा स्राव जपानी शास्त्रज्ञांनीं १९९९ सालीं शोधून काढला. दुसऱ्या प्रकारांत जठराच्या वरच्या टोकाशीं लिंबाएवढी लहानशी पिशवी वेगळी करतात आणि तिला लहान आंतड्याचा पुढचा भाग आणून जोडतात. अन्न मूळचें जठर आणि आंतड्याचा पहिला भाग टाळून पुढें जातें. लोह आणि कॅल्शियम शरीरांत घेण्याचें काम प्रामुख्यानें याच टाळलेल्या भागाचें. येथेंच अर्धी गोष्ट आली. बाहीच्या शस्त्रक्रियेंत केवळ कोठार लहान होतें. वळशाच्या शस्त्रक्रियेंत कोठार लहान होतें आणि जकातनाकेंही चुकविलें जातें.

येथें एक आडवी गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. किलोंतल्या वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागून जो अंक येतो, त्यावर ही शस्त्रक्रिया करावी कीं नाहीं याचा पहिला विचार होतो. आशियांतील लोकांत मधुमेह लवकर जडतो म्हणून २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनांत आपल्यासाठीं या शस्त्रक्रियेची रेघ साडेसत्तावीसवर ओढलेली आहे. परंतु कसलेल्या मल्लाचा अंक स्नायूंमुळेंच तीसवर असूं शकतो. मधुमेह नाहीं, कमर आटोपशीर आहे, आणि केवळ अंक मोठा आहे, अशा तरुण पहिलवानानें वजनगट गांठण्यासाठीं जठर कापून घ्यावें, ही कल्पना मला अघोरी वाटते. ही शस्त्रक्रिया रोगावरचा उपाय आहे. खेळाचा डाव नव्हे.

आतां वेळेचा हिशेब. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेंत पोटावर पांच-सहा भोकें पाडतात. त्यांतील मोठें भोक बारा ते पंधरा मिलिमीटरचें असतें. बाहेरची कातडी आठ दिवसांत सांधते, परंतु तिच्याखालच्या स्नायूंचें वेष्टण बळकट व्हावयास दीड-दोन महिने लागतात. तोंवर जोर लावला, तर त्या भोकांतून अंतर्गळ उतरण्याचा संभव असतो. म्हणून चालणें पहिल्या दिवसापासून, परंतु भरलेली घागर उचलणें पहिले चार ते सहा आठवडे नाहीं. दोन महिन्यांनंतर शल्यवैद्याच्या अनुमतीनें बैठका, मग गुडघे टेकून जोर, मग पुरते जोर असा क्रम ठेवावा. तीन महिन्यांनंतर समजूतदार जोडीदाराबरोबर नुसते डाव घटवावेत. त्यांत ईर्ष्या नको. खरी लढत सहा महिन्यांच्या आधीं नको असें माझें मत आहे. त्याचें कारण टांके हें नाहीं. पहिल्या सहा महिन्यांत वजन इतक्या झपाट्यानें उतरत असतें, कीं शरीराचा तोल दर आठवड्यास बदलतो. ज्या ढाकेला कालपर्यंत पोटाचा भार साह्य करीत होता, तीच ढाक आज हवेंत जाते. शिवाय या काळांत माणूस उपाशी माणसासारखाच असतो, आणि उपाशी माणसानें आखाड्यांत उतरूं नये हें कोणीही वस्ताद सांगेल.

जठराची रेघ टिटॅनियमच्या बारीक टांच्यांनीं शिवलेली असते. ती गळण्याचें भय मुख्यतः पहिल्या कांहीं आठवड्यांतलें. एकदां भरून आल्यावर कोणाच्या पकडीनें ती उसवेल अशी धास्ती सहसा बाळगावयास नको. त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. बाहीच्या शस्त्रक्रियेनंतर जठरांतील आम्ल अन्ननलिकेंत वर चढण्याची खोड पुष्कळांना लागते. अशा माणसावर प्रतिस्पर्ध्यानें सवारी भरली, त्याचें पोट मातीशीं दाबलें गेलें, कीं घशापर्यंत आग उसळते. ज्यूदोंत किंवा ब्राझीलच्या जुजुत्सूंत पाठीवर पडून लढावें लागतें आणि वरचा गडी गुडघा पोटावर रोवतो, तेथेंही हेंच. उपाय साधा आहे. मेहनतीपूर्वीं दोन-अडीच तास घन अन्न घेऊं नये, आणि पहिलें वर्ष खालून लढण्यापेक्षां उभ्यानें खडाखडी करून पट काढण्यावर भर द्यावा. एवढ्यानेंही जळजळ थांबत नसेल, तर ती कुस्तीची गोष्ट राहत नाहीं, वैद्याची होते.

खुराकावर मात्र मला सविस्तर बोललें पाहिजे, कारण प्रेमानें घात होतो तो याच जागीं.

वजन उतरतें म्हणजे केवळ चरबी उतरते असें नाहीं. उतरलेल्या किलोंत स्नायूंचाही वाटा असतो. आणि प्रथिनें कमी पडलीं, मेहनत सुटली, तर तो वाटा वाढतो. कुस्तीगिराचें सारें भांडवल तेंच. सामान्य माणसाला या शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान साठ ते ऐशीं ग्रॅम प्रथिनें लागतात; मेहनत करणाऱ्यास त्याच्या योग्य वजनाच्या दर किलोमागें दीड ग्रॅमपर्यंत लागूं शकतात. सत्तर किलो योग्य वजन धरलें, तर शंभरावर ग्रॅम झाले. आतां घरचा हिशेब पाहा. पावशेर, म्हणजे अडीचशें मिलिलिटर दुधांत सुमारें आठ ग्रॅम प्रथिनें असतात, एका अंड्यांत सहा. शंभर ग्रॅम केवळ दुधानें भरावयाचे, तर तीन लिटर दूध प्यावें लागेल. आणि कोठारांत मावतो एक पेला. ‘पूर्वीं दहा भाकरी खात होता, आतां अर्धीही संपवीत नाहीं’ म्हणून हळहळणाऱ्या आईनें किंवा पत्नीनें हें गणित ध्यानांत घ्यावें. अर्धी भाकरीच जर खाल्ली, तर त्या दिवशीं स्नायूंच्या वाट्याला जवळजवळ कांहींच आलें नाहीं.

म्हणून ताटांतील क्रम उलटा करावा. आधीं अंडें, पनीर, मासळी, कोंबडीचें मऊ शिजवलेलें मांस किंवा दाट वरण, मग भाजी, आणि जागा उरलीच, तर भाकरी. घास लहान, चावून चावून, अर्धा तास बसून. दिवसांतून दोनदां जेवण्याऐवजीं पांच-सहा वेळां थोडें थोडें. शाकाहारी घरांत मठ्ठ्यापेक्षां बांधलेलें दहीं, साध्या वरणापेक्षां सोयाबीन आणि पनीर हीं सोयीचीं. इतकें करूनही आंकडा पुरा होत नसेल, तर प्रथिनांची भुकटी घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र ती आपल्या आहारतज्ज्ञास विचारून घ्यावी, तालमींत कोणी दिलेल्या डब्यांतून नव्हे.

आणि थंडाई? हा प्रश्न प्रत्येक पहिलवान विचारील. वळशाच्या शस्त्रक्रियेनंतर साखर घातलेलें पेय एकदम आंतड्यांत उतरतें. आंतडें तें सौम्य करण्यासाठीं शरीरांतील पाणी आपल्याकडे ओढून घेतें. अर्ध्या तासाच्या आंत पोटांत मुरडा, धडधड, घाम, जुलाब सुरू होतात. शिवाय कांहीं जणांत एक ते तीन तासांनीं उलटा प्रकार होतो: साखरेला उत्तर म्हणून इन्सुलिन अधिक स्रवतें आणि रक्तांतील साखर खालीं घसरते. डोळ्यांपुढें अंधारी येते, हात कांपतात. हें घरीं झालें तर माणूस पलंगावर बसतो; आखाड्यांत झालें तर मानेवर पडतो. बदाम भिजवून, सोलून, बारीक वाटून, बिनसाखरेचे घ्यावेत. थंडाईला मात्र नमस्कार करावा.

पाण्याविषयीं असेंच. घटाघट तांब्याभर पाणी पिणें आतां शक्य नसतें, आणि जेवतांना पाणी पिणें वर्ज्य असतें. मराठवाड्याच्या वैशाखांत पारा चाळिशीच्या वर असतां घामानें गेलेलें पाणी एका बैठकींत भरून काढतां येत नाहीं. तें दिवसभर घोटाघोटानें प्यावें लागतें. आदल्या दिवसापासूनच तें सुरू करावें, आणि मेहनत पहांटेची ठेवावी. वजनगटांत बसण्यासाठीं पाणी तोडण्याची जी चाल स्पर्धांतून रूढ आहे, ती या माणसास सर्वस्वीं निषिद्ध समजावी. धडधाकट खेळाडूंनाही ती किती जड जाते हें २०२४ सालीं पॅरिसला विनेश फोगाटच्या प्रसंगानें सर्वांनीं पाहिलें: अंतिम लढतीच्या सकाळीं वजन अवघें शंभर ग्रॅम अधिक भरलें, आणि ती बाद ठरली. लहान जठराच्या माणसाला वजनानंतर गेलेलें पाणी परत भरतांच येत नाहीं. लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांचें तर नांवही नको. स्पर्धांच्या नियमांनुसार त्या निषिद्ध औषधांत मोडतात.

आतां औषधांच्या दुकानाकडे वळूं. कुस्ती म्हटली कीं खांदा मुरगळणार, बरगडी दुखणार, आणि मग डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी चहाबरोबर घेतली जाणार. वळशाच्या शस्त्रक्रियेनंतर जठराची पिशवी आणि आंतडें यांच्या जोडावर या गोळ्यांनीं व्रण पडतो. तो रक्त गाळतो आणि कधीं फुटतोही. तंबाखू आणि विडी या व्रणाला खतपाणी घालतात. बाहीच्या शस्त्रक्रियेनंतरही या गोळ्या टाळणेंच शहाणपणाचें. दुखण्यावर पॅरासिटामॉल योग्य मात्रेंत, शेक आणि विश्रांति यांवर भागवावें. एवढ्यानें भागत नसेल, तर ती दुखापत मोठी आहे असें समजून डॉक्टरांकडे जावें. मैदान मारल्यानंतरच्या मद्याविषयीं इतकेंच सांगतों, कीं अशा शरीरांत तें पूर्वींपेक्षां लवकर आणि अधिक चढतें.

ज्यांना मधुमेहाचीं किंवा रक्तदाबाचीं औषधें चालू होतीं, त्यांनीं तीं जुन्याच मात्रेनें चालू ठेवूं नयेत. वजन उतरतें तशी गरजही उतरते. मात्रा ठरविणें डॉक्टरांचें काम.

लोह, ब-बारा, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर घ्यावयाच्या असतात. पहिलें वर्ष लोक घेतात. वजन उतरलें, अंगांत हुशारी आली, कीं सोडून देतात. रक्त कमी झालें कीं दम तुटतो, आणि वस्ताद म्हणतो, पोरगा आळसावला. ब-बारा कमी झालें कीं पायांना मुंग्या येतात आणि पाऊल कोठें पडलें तें कळेनासें होतें. पायांच्या डावांवर जगणाऱ्या खेळांत ही उणीव किती महाग पडेल! हाडें ठिसूळ झालेलीं तर बाहेरून दिसतही नाहींत. तीं पटकीच्या वेळींच समजतात. कुस्ती खेळणाऱ्या मुलींना मासिक पाळीमुळें लोहाची गरज अधिक. त्यांनीं रक्ताची तपासणी विशेष कसोशीनें करावी. पहिल्या वर्षांत दर तीन ते सहा महिन्यांनीं आणि पुढें वर्षातून एकदां तपासणी सेलू-परभणीलाही होण्यासारखी आहे. तिच्यासाठीं मुंबई गांठण्याचें कारण नाहीं.

सैल पडलेल्या कातडीचा विषय कोणी काढीत नाहीं, म्हणून मीच काढतों. पोटावर आणि मांड्यांवर घड्या पडतात. त्यांत घाम आणि आखाड्याची माती सांठते. हळद, ताक, लिंबू, तेल घालून मळलेली माती गुणकारी असें आपण मानतों, पण घडींत राहिलेल्या ओलीवर गजकर्ण वाढतें तें मातींत काय घातलें याची चौकशी करीत नाहीं. मेहनतीनंतर स्नान, घड्या कोरड्या पुसणें आणि रोज धुतलेला लंगोट. पकडींत कातडी ओढली जाते, तेव्हां आंतून घट्ट बसणारा सदरा घालावा; त्याला हंसणाऱ्यांस हंसूं द्यावें.

जोड लावतांनाही एक गफलत होते. गादीवरच्या स्पर्धेंत तराजू असतो. एकशेंवीस किलोंचा माणूस नव्वदावर आला, कीं त्याच्या समोर नव्वद किलोंचा असा गडी येतो, कीं ज्याचें वजन सर्वच्या सर्व मेहनतीचें आहे. पूर्वीं केवळ भार टाकून समोरच्याला दमविण्याची युक्ति होती, ती आतां गेली. जत्रेच्या मैदानांत तर तराजूही नसतो. पंच अंगपिंड पाहून जोड लावतात, आणि रुंद खांदे, मोठा सांगाडा पाहून फसतात. अशा वेळीं वस्तादानें पंचांना एका बाजूला घेऊन खरी गोष्ट सांगावी. त्यांत नामुष्की नाहीं.

शेवटीं गांवच्या डॉक्टरांसाठीं दोन गोष्टी. वळशाची शस्त्रक्रिया होऊन वजन उतरलेल्या माणसाच्या पोटांत कळा येऊन थांबतात, पुन्हा येतात, अशी तक्रार असेल, तर ती मार लागल्याची किंवा अपचनाची समजून दुखणें थांबविणारी सुई देऊन घरीं पाठवूं नये. आंतली चरबी वितळल्यावर आंतड्याच्या पडद्यांत फटी राहतात आणि त्यांत आंतडें अडकतें. साधी क्ष-किरण तपासणी निर्दोष दिसूं शकते, सी. टी. स्कॅन आणि शल्यवैद्य यांवांचून निदान होत नाहीं, आणि उशीर झाला तर आंतडें कुजतें. दुसरी गोष्ट: शस्त्रक्रियेनंतर सतत ओकाऱ्या होणाऱ्या माणसाच्या शरीरांतील ब-एक जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, कांहीं आठवड्यांतच संपतें. त्याला ग्लूकोजची बाटली लावण्यापूर्वीं थायमिन द्यावें. नाहीं तर मेंदूला कायमची इजा पोंचूं शकते.

हें सर्व एका कागदावर मराठींत लिहून ठेवावें: शस्त्रक्रिया कोणती, केव्हां झाली, शल्यवैद्याचा दूरध्वनि, कोणत्या गोळ्या द्यावयाच्या नाहींत, ओकाऱ्या असल्यास आधीं थायमिन. लंगोटाला खिसा नसतो. म्हणून त्या कागदाची एक प्रत घरीं आणि एक वस्तादाजवळ असावी.